मुलांना डोंगरात नेणारी देशपातळीवरची संस्था: पैसा कुठून आणायचा आणि कुठे लावायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे की देशभर शाखा असलेली, मुलांना आणि तरुणांना कॅम्प, ट्रेक, नदी, जंगल असं सगळं करायला नेणारी संस्था उभी करायची किंवा आहे ती नीट चालवायची, तर पैसा कुठून आणायचा, फी किती ठेवायची, स्वतःची कॅम्पसाइट घ्यावी का, आणि हे सगळं व्हॉलंटियरवर भागतं का. मी आधी लीडर म्हणून आणि नंतर जिथे बजेट बनतं त्या बाजूला बसून हे काम बरीच वर्षं केलंय, त्यामुळे उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

पहिल्यांदा खर्च कोणत्या जातीचा आहे ते बघा, पैसा नंतर. अशा संस्थेत खर्चाच्या तीन जाती असतात. एक, जो कॅम्प झाला नाही तरी होतोच: इन्शुरन्स, लीडर लोकांची पार्श्वभूमी तपासणी, ट्रेनिंग, हिशेब आणि ऑडिट, सभासद नोंदणीचं सॉफ्टवेअर, ऑफिसातले मोजके पगारी लोक. दोन, प्रत्यक्ष कॅम्पचा खर्च: बस, जेवण, गॅस, परवाने, बाहेरचा गाइड. तीन, मोठ्या वस्तू: जमीन, इमारत, बोटी, दोरखंड, तंबू. पैशाच्याही तशाच जाती आहेत. सभासद फी थोडी थोडी पण दरवर्षी येते. ग्रँट दोनतीन वर्षांसाठी येते आणि सोबत अटी घेऊन येते. देणगी कधी येईल आणि किती येईल काही नेम नाही. कॅम्पसाइटचं भाडं, हॉस्टेलचं उत्पन्न, दुकानातली विक्री ही सीझनवर आणि हवामानावर अवलंबून. आता माझ्या मते संस्था बुडतात त्या पैसा कमी पडतो म्हणून क्वचितच, बहुतेक वेळा चुकीच्या जातीचा पैसा चुकीच्या खर्चाला लावलेला असतो. तीन वर्षांच्या ग्रँटवर कायमचे पगार लावले, किंवा उन्हाळ्यातल्या कॅम्पच्या नफ्यावर वर्षभराचा इन्शुरन्स धरला, आणि मग एक वर्ष पाऊस लवकर आला की सगळे धावपळीत. माझा नियम साधा आहे, पहिल्या जातीचा खर्च सभासद फीमधूनच निघाला पाहिजे, पूर्ण नाही तर निदान बहुतांश, आणि तो निघत नसेल तर एकतर फी कमी आहे किंवा ऑफिस मोठं झालंय.

दुसऱ्या जातीचा खर्च कॅम्पला येणाऱ्यांनी उचलायचा. इथे लगेच कोणीतरी म्हणतं की मग गरीब मुलांचं काय. तर हा प्रश्न पहिल्याच कॅम्पला आला होता आणि त्याचं उत्तरही तिथेच आहे. 1907 च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचा प्रयोग म्हणून कॅम्प घेतला, ज्यातून पुढे स्काउटिंग उभं राहिलं. त्यात महागड्या खासगी शाळांतल्या मुलांकडून एक पौंड फी घेतली आणि गावातल्या साध्या घरच्या मुलांकडून साडेतीन शिलिंग, म्हणजे त्या वेळच्या हिशेबात जवळपास सहावा हिस्सा. मुलं एकत्र जेवली, एकत्र तंबूत झोपली. आणि तरीही कॅम्प तोट्यात गेला! चोवीसेक पौंडांची तूट आली आणि ती ज्याची दोन मुलं कॅम्पला होती अशा एका वडिलांनी भरली. माणसाप्रमाणे फी, वर थोडी देणगी आणि शेवटी तूट भरणारा कोणीतरी भला माणूस, शंभरहून जास्त वर्षांनी आजही हेच मॉडेल चालू आहे, फक्त तो भला माणूस दरवर्षी मिळेल असं धरून बजेट बनवायचं नाही.

फी सवलत देताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. उत्पन्नाचा दाखला, अर्ज, समितीसमोर मुलाखत असलं काही ठेवू नका. ज्यांना खरी गरज असते ती घरं असल्या फॉर्मला घाबरून गप्प बसतात आणि मूल पुढच्या महिन्यापासून यायचं बंद होतं, कारण कोणी विचारतही नाही. लीडरला घर माहीत असतं, त्याला एक छोटी रक्कम हातात द्या आणि त्याच्यावर सोडा, वर्षाअखेरीला नावं न मागता फक्त आकडा मागा. यात थोडी गळती होते, होऊ दे, त्या गळतीपेक्षा तपासणीचा खर्च जास्त येतो.

फी किती, याला एक आकडा नाही, पण वाढवायची कशी याबद्दल मात्र ठाम मत आहे. थोडी थोडी, दरवर्षी, आणि किमान सहा महिने आधी सांगून. कित्येक वर्षं फी गोठवून ठेवायची, सभासदांना बरं वाटतं म्हणून, आणि मग एकदम दुप्पट करायची हा प्रकार फार वाईट. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सचं उदाहरण बघा. तिथे राष्ट्रीय फी 33 डॉलर होती, ती जानेवारी 2020 पासून 60 डॉलर झाली, आणि हे जाहीर झालं ऑक्टोबर 2019 मध्ये, म्हणजे तोपर्यंत बऱ्याच गटांचं पुढच्या वर्षाचं बजेट ठरून पालकांकडून पैसे घेऊनही झालेले. शिव्या कोणाला बसल्या तर गावातल्या लीडरला, ज्याचा या निर्णयाशी काही संबंध नाही. इन्शुरन्स महागला हे कारण खरं होतं, पण पालकाला ते दिसत नाही. पालक फक्त एकूण आकडा बघतो: राष्ट्रीय फी, त्यावर जिल्ह्याची फी, त्यावर गटाची वर्गणी, त्यावर युनिफॉर्म, त्यावर कॅम्प. हेड ऑफिसला वाटतं आम्ही तर इतकेच घेतो. म्हणून फी ठरवायच्या मीटिंगमध्ये एका मुलाचा वर्षाचा पूर्ण खर्च एका कागदावर लिहून टेबलावर ठेवा आणि मगच बोलायला सुरुवात करा.

एकाच मोठ्या पार्टनरवर अवलंबून राहण्याचं काय होतं तेही याच संस्थेकडून शिकावं. अमेरिकेत मॉर्मन चर्चने कित्येक दशकं आपल्या सगळ्या मुलांसाठी स्काउटिंग हाच कार्यक्रम ठेवला होता, एकूण सभासदांपैकी साधारण पाचातला एक तिकडून यायचा. मे 2018 मध्ये चर्चने सांगितलं की 2019 संपल्यावर आम्ही थांबणार, आणि 31 डिसेंबर 2019 नंतर ते सगळे सभासद गेले. यात भांडण नव्हतं, फसवणूक नव्हती, त्यांना स्वतःचा जगभर चालणारा कार्यक्रम हवा होता इतकंच. पण ऑफिसं, पगार आणि कॅम्पसाइट मात्र जुन्या संख्येच्या हिशेबाने उभ्या होत्या. तुमच्याकडे असा पार्टनर असेल, एखादं शिक्षण खातं, एखादी शाळांची साखळी, एखादी धार्मिक संस्था, तर तो उद्या गेला तर काय बंद करावं लागेल याची यादी आजच बनवून ठेवा. ती यादी बनवताना जे भांडण होतं तेच मला फार उपयोगाचं वाटतं, कारण नेमकं काय अत्यावश्यक आहे ते त्यातच कळतं.

विक्रीतून पैसा उभा करायचा असेल तर अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सची कुकीज. 1917 मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावच्या एका ट्रूपने, म्हणजे स्थानिक गटाने, शाळेत घरगुती बिस्किटं विकली, तिथून सुरू झालं आणि 1930 च्या दशकात बेकऱ्यांना लायसन्स देऊन देशभर पसरलं. आज सीझनला कोट्यवधी खोके जातात. सगळ्यांना ते बिस्किटांचं यश दिसतं. मला जास्त रस आहे तो पैसा कुठे राहतो यात. विक्रीचं उत्पन्न स्थानिक कौन्सिल (त्या भागातली शाखा) आणि ट्रूपकडे राहतं, राष्ट्रीय संस्थेला लायसन्सची रॉयल्टी मिळते आणि सभासद फी मिळते. म्हणून आठ वर्षांची मुलगी दारोदार जायला तयार होते, तिला माहीत असतं की या पैशातून आपल्याच गटाचा कॅम्प होणार आहे. हीच विक्री हेड ऑफिसच्या खात्यात जमा व्हायला लागली असती तर दोन सीझनमध्ये बंद पडली असती. आपल्याकडे लोक नेमकं उलटं करतात, गटाने कार्यक्रम करून पैसे जमवायचे आणि त्यातला मोठा हिस्सा वर पाठवायचा, मग गट पैसे जमवायचंच सोडतो किंवा जमवलेले दाखवत नाही.

आता ग्रँट. सरकारी असो की फाउंडेशनची, ग्रँट चांगली असते नवीन गोष्ट सुरू करायला, जिथे शाखाच नाही तिथे शाखा उघडायला, दिव्यांग मुलांसाठी वेगळी साधनं घ्यायला, लीडर ट्रेनिंगचा नवा कोर्स बनवायला. रोजचं दुकान चालवायला ती वापरू नका. आणि अर्जात ऑफिसचा खर्च लपवू नका, प्रोजेक्टचा वाटा म्हणून त्यात भाडं, हिशेबनीस, इन्शुरन्स हे सरळ धरा. देणारा म्हणतो आम्ही फक्त मुलांवर खर्च करतो, तेव्हा त्याला शांतपणे सांगायचं की मुलांना दोरावर लटकवणाऱ्या माणसाची तपासणी कोणीतरी ऑफिसात बसून करतं आणि तो खर्च मुलांवरचाच आहे. दहातले चार ऐकतात. बाकीच्यांचे पैसे घेतले तर प्रत्येक प्रोजेक्टमागे तुमच्या गंगाजळीतून थोडं थोडं जातं, आणि जितके जास्त प्रोजेक्ट मिळतील तितके तुम्ही गरीब होता, हे गणित नव्या लोकांच्या लवकर लक्षात येत नाही.

डोकी मोजून पैसे मिळत असतील तर फार सांभाळून. 2000 च्या दशकात अमेरिकेत काही स्काउट कौन्सिलमध्ये फुगवलेल्या सभासद संख्येची प्रकरणं बाहेर आली, कागदावर मुलं होती आणि प्रत्यक्षात नव्हती, कारण देणगीदारांचे पैसे आणि कर्मचाऱ्यांचं टार्गेट दोन्ही संख्येवर बांधलेलं. यात सगळे चोर असतात असं नाही हो. सोडून गेलेलं मूल यादीतून काढायचं कोणाच्याच फायद्याचं नसेल तर ते यादीत राहतंच. उपाय काय, तर संख्या नोंदणीवरून मोजू नका, मागच्या तीन महिन्यांत किती मुलं प्रत्यक्ष आली त्यावरून मोजा. आकडा पहिल्या वर्षी घसरेल, बोर्डाला घाम फुटेल, पण त्यानंतर तुमचं बजेट खऱ्या जमिनीवर येतं.

स्पॉन्सर कंपन्यांबद्दल थोडक्यात. ज्याला तुमच्या कामातून स्वतःचं काही मिळतं तोच स्पॉन्सर टिकतो. 1941 मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे आउटवर्ड बाउंड या तरुणांना साहसातून शिकवणाऱ्या संस्थेची पहिली शाळा कुर्ट हान यांनी काढली तेव्हा पाठीशी लॉरेन्स होल्ट यांची जहाज कंपनी होती, आणि होल्ट यांना युद्धकाळात समुद्रात तग धरू शकतील असे तरुण खलाशी हवे होते. दोघांची गरज जुळली. नुसता बॅनरवर लोगो हवा असणारा मार्केटिंग मॅनेजर बदलला की स्पॉन्सरशिप गेली म्हणून समजा.

जमिनीचा प्रश्न सगळ्यांना जिव्हाळ्याचा असतो त्यामुळे इथे जरा थांबतो. स्वतःची कॅम्पसाइट असावी हे प्रत्येक संस्थेचं स्वप्न, आणि कोणीतरी वयस्कर हितचिंतक डोंगराच्या पायथ्याची जमीन द्यायला तयारही होतो. घेण्याआधी एकच विचारा, सांभाळायचे पैसे कोण देणार? नाहीतर घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. तेलाच्या धंद्यात कमावलेल्या वेट फिलिप्स यांनी 1938 आणि 1941 मध्ये न्यू मेक्सिकोतली आपली अवाढव्य रँच बॉय स्काउट्सना दिली, तीच आजची फिलमाँट, आता साधारण 1,40,000 एकर. पण त्या माणसाला व्यवहार कळत होता. दुसऱ्या देणगीबरोबर त्यांनी टल्सा शहरातली फिलटॉवर ही ऑफिसची इमारतही देऊन टाकली, म्हणजे तिच्या भाड्यातून रँच चालावी. जमीन देणाऱ्याला ही गोष्ट जरूर सांगा, न लाजता.

त्याच संस्थेने पुढे वेस्ट व्हर्जिनियात समिट नावाची नवी प्रचंड साइट उभारली, मोठ्या देणग्या होत्या पण कर्जही बरंच काढलं, 2013 मध्ये तिथे राष्ट्रीय जांबोरी (स्काउट मुलांचा मोठा मेळावा) झाली, आणि 2019 पर्यंत वेळ अशी आली की फिलमाँट बँकेकडे तारण ठेवल्याची बातमी आली. दान मिळालेली जमीन कर्जाला लावायची वेळ येणं म्हणजे काय ते समजून घ्या. ब्रिटनमध्ये गर्लगायडिंग या मुलींच्या संघटनेने 2023 मध्ये आपली पाचही अ‍ॅक्टिव्हिटी सेंटर्स विकायचं ठरवलं, पिढ्यानपिढ्या मुली जिथे राहिल्या त्या जागा, लोक रडले, सह्यांच्या मोहिमा झाल्या. त्याच वर्षी इंग्लंड-वेल्सच्या युथ हॉस्टेल संघटनेने, जी 1930 पासून चालू आहे, वीस हॉस्टेल विक्रीला काढली. हॉस्टेलवाल्यांचं तर 2001 मध्येही झालं होतं, जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाच्या साथीत ग्रामीण भाग आणि पायवाटा बंद झाल्या, माणसांना रोग नव्हता तरी माणसं यायची थांबली, उत्पन्न बुडालं आणि इमारती विकाव्या लागल्या.

माझं मत असं की राष्ट्रीय संस्थेकडे एक किंवा दोन जागा असाव्यात, ट्रेनिंगसाठी आणि मोठ्या मेळाव्यांसाठी, बाकी ठिकाणी वनखातं, शाळा, शेतकरी यांच्याशी दीर्घ मुदतीचे करार करावेत. जागा घ्यायचीच तर वर्षातल्या किती रात्री ती भरलेली असेल ते मोजा. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरल्या तर भरणाऱ्या रात्री फार कमी निघतात, आणि मंगळवारी दुपारी त्या जागेचं काय करायचं याचं उत्तर नसेल तर तो पांढरा हत्ती आहे. विहिरीचा पंप, संडासाची टाकी, छपराचे पत्रे, वाळलेली झाडं तोडणं, या गोष्टी कोणी मूल नसतानाही पैसे खातात. आणि हो, दरवर्षी घसाऱ्याची रक्कम नुसती वहीत न लिहिता खरोखर वेगळ्या खात्यात टाका.

सामानाचं पण तसंच आहे, फक्त छोट्या प्रमाणावर. कुठल्याही शाखेची तब्येत बघायची असेल तर मी हिशेबाच्या आधी स्टोअर उघडायला सांगतो, शक्यतो कॅम्पनंतर दोनतीन दिवसांनी. रविवारी संध्याकाळी भिजलेले तंबू तसेच पिशवीत कोंबले की आत बुरशी येते, आतलं वॉटरप्रूफ कोटिंग चिकट होऊन सुटायला लागतं आणि तो विशिष्ट आंबट वास येतो, नाक लावलं की कळतं. चांगल्या स्टोअरमध्ये प्रत्येक तंबूवर नंबर असतो, शेजारच्या वहीत कोणी परत आणला, कधी वाळवला, किती खुंट्या कमी, कोणता पोल वाकला हे लिहिलेलं असतं. दोरांची वही वेगळी, प्रत्येक दोर कधी बनला, कधी वापरात आला, कुठे घासला, कधी पडणाऱ्या माणसाचा झटका बसला. हार्नेस, स्लिंग, दोर असलं कापडी साहित्य बहुतेक उत्पादक कमाल दहा वर्षं देतात, न वापरता कपाटात पडलं असलं तरी. म्हणजे आज एकदम दहा वर्षांचं सामान देणगीतून घेतलं तर दहा वर्षांनी ते सगळं एकदम कापून फेकायचं आहे, कापूनच, कारण न कापता टाकलं तर कोणीतरी "अजून चांगलंय की" म्हणून वापरतो. त्यामुळे सामान दरवर्षी थोडं थोडं घ्यायचं आणि बजेटमध्ये ती ओळ कायम ठेवायची.

व्हॉलंटियरवर भागतं का? भागतं, पण फुकट नाही भागत. ब्रिटनच्या स्काउट्समध्ये एक लाखाहून जास्त प्रौढ व्हॉलंटियर आहेत आणि तरीही हजारो मुलं वेटिंग लिस्टवर असतात, आणि त्याचं कारण पैसा किंवा तंबू कमी हे नव्हे, तर मोठी माणसं कमी आहेत. त्यात आता कुठल्याही कार्यक्रमाला किमान दोन तपासलेले प्रौढ हवेत हा नियम बऱ्याच ठिकाणी आहे आणि तो असायलाच हवा, म्हणजे एक लीडर सोडून गेला की पूर्ण गट बंद. मग हेड ऑफिसचं खरं काम काय उरतं, तर लीडरच्या डोक्यावरचं ओझं कमी करणं.

हे ओझं कसं दिसतं सांगतो. लीडरने कॅम्पसाठी गॅसचे डबे, औषधाची पेटी आणि भाजी स्वतःच्या खिशातून आणली. घरी येऊन पावत्या चिकटवल्या, फॉर्म भरला, फोटो काढून पाठवला. आठवड्याने मेल आला की भाजीची पावती छापील नाही. त्याने उत्तर दिलं, मग जिल्ह्याच्या खजिनदाराची सही राहिली, मग ती झाली तर महिना संपला. पुढच्या वेळेला तो माणूस छोटे खर्च मागतच नाही, त्याच्या पुढच्या वेळेला "या महिन्यात कॅम्प नको" म्हणतो आणि वर्षभरात कामाचं कारण सांगून निघून जातो. कोणाच्याच रजिस्टरमध्ये येत नाही की तो भाजीच्या पावतीमुळे गेला. उपाय अगदी स्वस्त आहे, कॅम्पच्या आधीच आगाऊ रक्कम द्या, एका मर्यादेखालच्या खर्चाला पावती मागू नका, आणि हिशेब तीन दिवसांत मिटवा. एक चांगला लीडर नव्याने शोधून, तपासून, ट्रेन करून उभा करायला जो खर्च येतो त्यात असल्या हजार भाज्या येतील.

सेफ्टी आणि इन्शुरन्सवर काटकसर करायची नाही हे सगळे म्हणतात, पण ते नेमकं कसं ते फार कमी लोक सांगतात. 1993 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे इथे कयाकिंग करताना चार शाळकरी मुलं दगावली. ज्या केंद्राने ती सहल नेली होती तिथल्या आधीच्या प्रशिक्षकांनी काही महिने आधी लेखी कळवलं होतं की इथली सुरक्षितता धड नाही. केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या संचालकाला शिक्षा झाली, कंपनीही दोषी ठरली, आणि त्यातून 1995 चा कायदा आणि केंद्रांना परवाना पद्धत आली. माझ्यासाठी त्यातला मुख्य धडा त्या पत्राचा आहे. खालचा माणूस घाबरून लिहितो तेव्हा ते पत्र कोणाच्या टेबलावर येतं? ज्याच्यावर कॅम्प भरवायचं टार्गेट आहे त्याच्याकडे येत असेल तर ते दाबलं जाणार. सेफ्टीची तक्रार सरळ बोर्डातल्या एका माणसाकडे गेली पाहिजे, मधे कोणी नको, आणि त्याला चालू कॅम्प थांबवायचा अधिकार पाहिजे.

मुलांच्या लैंगिक छळाच्या बाबतीत तर याहून कडक. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकाने 18 फेब्रुवारी 2020 ला दिवाळखोरीचा अर्ज केला तो जुन्या छळाच्या दाव्यांमुळे. 82,000 हून जास्त दावे आले, कित्येक दशकांपूर्वीचे. शेवटी 2.46 अब्ज डॉलरचा निधी ठरला आणि एप्रिल 2023 मध्ये संस्था दिवाळखोरीतून बाहेर पडली, त्यात स्थानिक कौन्सिलनाही, जी कायद्याने वेगळी होती, मोठी रक्कम द्यावी लागली आणि काहींनी त्यासाठी कॅम्पसाइट विकल्या. त्या मुलांचं जे झालं ते कोणत्याच निधीने भरून येणार नाही हे आधी म्हणतो, आणि मग हिशेबाची बाजू सांगतो, कारण प्रश्न तो आहे. या निधीतला मोठा भाग इन्शुरन्स कंपन्यांकडून आला. जुन्या पद्धतीची पॉलिसी घटना ज्या वर्षी घडली त्या वर्षाची लागते, दावा कधीही येऊ दे. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या पॉलिसीचा कागद आज सोन्याहून महाग असू शकतो. म्हणून इन्शुरन्स पॉलिसी, लीडरच्या नेमणुका, तक्रारी आणि कोणाला का काढलं याच्या फाइल कधीही रद्दीत घालू नका, ऑफिस बदलताना तर अजिबात नाही. नवीन पॉलिसी घेताना ती घटनेच्या तारखेवर चालते की दाव्याच्या तारखेवर हे विचारा, दुसऱ्या प्रकारची स्वस्त पडते पण कंपनी बदलली की मागचं उघडं पडू शकतं. हे ब्रोकर स्वतःहून सांगेल याची वाट बघू नका.

गंगाजळी किती ठेवायची? सहा महिन्यांचा पहिल्या जातीचा खर्च हे मी किमान धरतो, आणि मोठा कार्यक्रम परदेशात असेल तर त्यासाठी वेगळी. 2023 मध्ये दक्षिण कोरियात जागतिक स्काउट जांबोरी होती, 40,000 हून जास्त लोक, उन्हाने आणि तिथल्या अव्यवस्थेने हाल झाले. ब्रिटनने आपली साधारण 4,500 माणसं तिथून काढून सोलच्या हॉटेलांत हलवली, सगळ्यात मोठी तुकडी त्यांचीच होती, आणि त्याला दहा लाख पौंडांच्या वर खर्च आला जो गंगाजळीतून गेला. हा निर्णय दोनेक दिवसांत घेता आला कारण पैसे होते. नसते तर नेत्यांनी "बघू, उद्या ऊन कमी होईल" म्हटलं असतं. नंतर वादळ आलं आणि शेवटी सगळ्यांनाच ती जागा रिकामी करावी लागली. त्यामुळे बोर्डात कोणी म्हणालं की एवढा पैसा पडून कशाला ठेवायचा, मुलांवर खर्च करा, तर त्याला हे उदाहरण द्या.

रचनेबद्दल एक पर्याय लोक विसरतात. राष्ट्रीय संस्थेने स्वतः कॅम्प घेतलेच पाहिजेत असं नाही. 1956 मध्ये ब्रिटनमध्ये तरुणांसाठी सुरू झालेला ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड बघा, ते शाळा, क्लब, संस्था यांना लायसन्स देतात, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्डचे निकष ठरवतात, आणि प्रत्यक्ष मोहिमा त्या त्या संस्था नेतात. उत्पन्न लायसन्समधून आणि सहभागी मुलांच्या फीमधून. तंबूंचं गोदाम नको, जमीन नको. नव्याने सुरू करणाऱ्याला मी आधी हाच मार्ग विचारात घ्यायला सांगेन, विशेषतः गावोगावी आधीच चांगले छोटे क्लब असतील तर. त्यांना गिळायचं कशाला, त्यांना ट्रेनिंग, प्रमाणपत्र आणि एकत्रित इन्शुरन्स द्या, ते आनंदाने फी देतील, कारण एकट्याने इन्शुरन्स घेणं त्यांना फार महाग पडतं.

शेवटचं, पहिल्यांदा पगारी कोणाला ठेवायचं हा प्रश्न नेहमी येतो आणि लोकांचं उत्तर असतं फंडरेझर. मी आधी ट्रेनिंग-सेफ्टीचा एक पूर्णवेळ माणूस आणि एक हिशेबनीस घेतो, तो अर्धवेळ चालेल. दर महिन्याला शाखानिहाय आकडे वेळेवर मिळायला लागले की मग फंडरेझर. त्याला पगार द्यायचा, जमवलेल्या पैशावर कमिशन अजिबात नाही. कमिशनवाला माणूस लवकर मिळेल तो पैसा आणतो, मग त्याच्या अटी काहीही असोत, आणि तो कोणत्या जातीचा आहे हे बघायचं काम पुन्हा तुमच्याच गळ्यात येतं.